परत गेलेलं पत्र

आमच्या केंद्रात फायबरचं कनेक्शन आलं, त्या शनिवारी आम्ही पेढे वाटले. हसू नका, मैत्रिणींनो! ज्यांनी वर्षानुवर्षं तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट सोसलंय, पहिला पाऊस पडला की फोनमध्ये खरखर आणि कॉम्प्युटरवर गोल फिरणारं ते चक्र बघत बसल्यात, त्यांना आमचे पेढे नक्की कळतील. लाइन जोडणारा मुलगा दुपारी अडीचला गेला आणि आम्ही तिघीजणी नुसत्याच एकेक वेबसाइट उघडून बघत बसलो. कशी झरझर उघडतेय!

आमचं केंद्र म्हणजे महिला सल्ला केंद्र. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक वकीलबाई (त्या आठवड्यातून एकदाच येतात), आणि मी धरून चौघी कार्यकर्त्या. मी बी.ए. मराठी. घरचं आवरून अकराला येते, चारला जाते. कॉम्प्युटरवर पत्र टाइप करता येतं, मेल पाठवता येतो, यापलीकडे त्या पेटीच्या पोटात काय चालतं ते कधी विचारलं नव्हतं. मिक्सर बिघडला की आपण दुकानात देतो, तसंच हे.

तर त्याच शनिवारी आम्ही आणखी एक शहाणपणा केला. आमची वेबसाइट ज्या कंपनीच्या जागेत होती तिनं दर वाढवले होते. म्हणून वेबसाइट बघणाऱ्या मुलानं ती दुसऱ्या कंपनीकडे हलवली. 'ताई, एकाच दमात सगळं करून टाकू,' तो म्हणाला. आम्हीही मान डोलावली. घराला रंग आणि मुलीचं लग्न एकाच आठवड्यात काढू नये, हे आपल्याला कळतं. पण इथं कुणालाच सुचलं नाही.

सोमवारी आले तर हिशेबाच्या कॉम्प्युटरवर नेट नाही. गंमत म्हणजे त्याच खोलीत माझा मोबाइल त्याच वायफायवर झक्क चालतोय. लाइनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, 'लाइन ओके आहे मॅडम, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम.' शेवटी पुण्याला असणाऱ्या लेकीला फोन लावला. ती बँकेत आहे, कॉम्प्युटरवाली नाही, पण तिच्या पिढीला धीर असतो. तिनं मला एकेक खिडकी उघडायला लावली आणि एका ठिकाणी आकडे लिहिलेले सापडले. पूर्वी कधीतरी कुणीतरी जुन्या कंपनीच्या 'डीएनएस'चा पत्ता तिथं हातानं भरून ठेवला होता. जुन्या कंपनीचं ते यंत्र फक्त स्वतःच्या गिऱ्हाइकांनाच उत्तर देतं. आम्ही आता तिचे गिऱ्हाईक नव्हतो. लेकीनं ते आकडे पुसून 'आपोआप' असा पर्याय निवडायला सांगितला, आणि नेट सुरू!

मला भारी वाटलं. 'अगं, पण हे डीएनएस म्हणजे काय?' मी विचारलं.

'आई, वही आहे गं ती. नावावरून नंबर सांगणारी.'

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला नंबर असतो, आपल्याला नाव लक्षात राहतं. आपण नाव टाइप केलं की कॉम्प्युटर आधी त्या वहीत नंबर शोधतो, मग तिकडे जातो. वहीच उत्तर देईना तर रस्ता कितीही रुंद असला तरी जायचं कुठं, तेच कळत नाही. माझा मोबाइल नव्या वहीकडे विचारत होता आणि हिशेबाचा कॉम्प्युटर जुन्या.

त्या रात्री लेकीनं मला एक गोष्ट वाचून दाखवली, ती इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही वही सुरुवातीला खरोखरच एक यादी होती, आणि ती सांभाळत होती एक बाई! अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट होता. इंटरनेटच्या आधीच्या त्या जाळ्यावर नवा कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे यांच्या कार्यालयाला कळवायचं, मग त्याचं नाव आणि नंबर यादीत चढायचा. बाईंचं शिक्षण रसायनशास्त्राचं. १९७२ ते १९८९ त्यांनी हे काम पाहिलं. कॉम्प्युटर वाढले, एका यादीनं भागेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची पद्धत काढली: एक वही नाही, जगभर वाटून दिलेल्या वह्या, ज्याचं नाव त्यानं त्याचं पान सांभाळायचं. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' ही शेपटं ठरवण्यातही फाइनलर यांच्या गटाचा हात होता. आमच्या संस्थेच्या नावामागे 'डॉट ऑर्ग' आहे. ते इतकी वर्षं मी लिहीत आले, पण ते आलं कुठून हे त्या रात्री कळलं.

म्हणजे आमचं पान आम्हीच सांभाळायचं होतं. ते कुणीच सांभाळलं नव्हतं, हे कळायला मात्र गुरुवार उजाडला.

त्याचं असं झालं, की मेल येणं बंद झालं होतं आणि आम्हाला ते कळलंच नाही. सोमवारी सकाळी दोन-तीन मेल आलेले होते, म्हणून शंका आली नाही. मंगळवारी पेटी रिकामी. बुधवारी रिकामी. आमच्याकडे दिवसाला चार-सहा मेल येतात, कधी येतही नाहीत. खरं सांगू? मला बरंच वाटलं. जिल्ह्याच्या कचेरीतून रोज एक तक्ता मागवायचे, तोही मागितला नव्हता! बुधवारी आमच्या सहकारी वहिनींना जरा चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी त्यांच्या टेबलावरून मला मेल पाठवला. लगेच आला. मी त्यांना पाठवला. लगेच गेला. 'चालू आहे की,' म्हणून आम्ही चहा ठेवला.

हीच ती फसवी जागा. त्यांचा पत्ता आणि माझा पत्ता एकाच संस्थेचा, एकाच मेलसेवेतला. ती चिठ्ठी बाहेर पडलीच नव्हती. स्वयंपाकघरातून माजघरात निरोप द्यायला पोस्टमन कशाला लागतो? पोस्टमन येतो की नाही हे बघायचं तर पत्र बाहेरून टाकायला हवं.

गुरुवारी सकाळी आमच्या संस्थेच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. बाई सत्तरीच्या, पण मेल स्वतः लिहितात. आवाजात राग. 'अगं, सोमवारपासून दोनदा लिहिलं तुला. उत्तर द्यायची पद्धत राहिली नाही का?' मी चक्रावले. बाईंना विचारलं, तुमच्याकडे काही उलट आलंय का? 'आलंय काहीतरी इंग्रजीत, भलंमोठं. मी बघितलं नाही.' त्यांनी त्याचा फोटो काढून पाठवला. त्यात लिहिलं होतं, की तुमचं पत्र अजून पोचवता आलेलं नाही, आम्ही प्रयत्न करतोय. खाली बारीक अक्षरात कारण: पलीकडचं यंत्र दार उघडत नाही.

मैत्रिणींनो, असं पत्र आलं तर फेकू नका. 'मेलर डेमन' असल्या विचित्र नावानं ते येतं, त्यामुळे आपल्याला वाटतं व्हायरस आहे. पण डॉक्टरांचा रिपोर्ट जसा आपण शेवटच्या ओळीपासून वाचतो, तसं ते खालून वाचायचं. दुखणं कुठं आहे ते तिथं लिहिलेलं असतं.

मी आधी लाइनवाल्याला फोन केला. 'लाइन ओके आहे मॅडम.' मग वेबसाइटवाल्या मुलाला. 'ताई, साइट उघडतेय ना? मग आमच्याकडून सगळं ओके.' साइट उघडत होती, हे खरं. लाइन चालू होती, हेही खरं. दोघंही खरं बोलत होते आणि पत्र येत नव्हतं! आपल्याकडे नळाला पाणी आलं नाही की नगरपालिका म्हणते टाकी भरलेली आहे, प्लंबर म्हणतो नळ चांगला आहे. मधल्या पाइपाला कुणी वाली नसतो.

पुन्हा लेक. ती जेवणाच्या सुट्टीत होती. तिनं तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून मेल टाकला. आला नाही. मी तिला टाकला, तर तो तिच्या 'स्पॅम'मध्ये, म्हणजे केराच्या टोपलीत जाऊन पडला. 'आई, दोन वेगळी दुखणी आहेत,' ती म्हणाली. मग तिनं मला विंडोजची ती काळी खिडकी उघडायला लावली. तिथं 'एनएसलुकअप' अशी एक आज्ञा चालते. आपल्या नावाबद्दल जगाच्या वहीत काय लिहिलंय ते ती दाखवते. वेबसाइटचा नंबर विचारला, आला. मग 'एमएक्स' विचारलं. उत्तर काहीच नाही.

हे 'एमएक्स' म्हणजे काय ते मला एका क्षणात कळलं, कारण माझ्या माहेरी आमची सगळी पत्रं 'मार्फत' यायची. आमचं घर मळ्यात, पोस्टमन तिथवर यायचा नाही. म्हणून पत्त्यात लिहिलेलं असायचं, 'मार्फत अमुक किराणा दुकान'. घर एकीकडे, टपाल दुसरीकडे. एमएक्स म्हणजे ती 'मार्फत'ची ओळ. वेबसाइट कुठंही राहो, या नावाची पत्रं मात्र या मेलसेवेकडे द्या, असं सांगणारी. वेबसाइट हलवताना आमच्या नावाचं सगळं पानच जुन्या कंपनीच्या वहीतून नव्या कंपनीच्या वहीत गेलं. नव्या पानावर मुलानं वेबसाइटचा नंबर लिहिला. 'मार्फत'ची ओळ उतरवायची राहिली. 'मार्फत' नसेल तर पत्र नेणारा सरळ घरीच जातो, असा नियम आहे. म्हणजे पत्रं वेबसाइटच्या यंत्राकडे जाऊन दार ठोठावत होती, आणि त्या यंत्राला टपाल घ्यायला दारच नव्हतं. सोमवारचे ते दोन-तीन मेल आले, कारण काही यंत्रांच्या आठवणीत आमचं जुनं पान अजून शिल्लक होतं. अशा आठवणी काही तास, कधी दीड-दोन दिवसही टिकतात.

आता गंमत बघा. ओळ लिहायची म्हणजे नव्या कंपनीच्या खात्यात शिरायचं. शिरायला गेले तर ती म्हणते, तुमच्या ईमेलवर कोड पाठवलाय! कुठल्या ईमेलवर? तर ज्याची पत्रं येत नाहीत, त्याच. कपाटाची किल्ली कपाटात. दुसरा मार्ग मुलाच्या मोबाइलचा. तो बीडला मावसभावाच्या लग्नात. तीनदा फोन वाजला, चौथ्यांदा उचलला. मागं सनई आणि अंतरपाटाची गडबड. 'ताई, दोन मिनिटं,' म्हणत त्यानं सहा आकडे सांगितले आणि तितक्यात 'शुभमंगल सावधान' झालं. मी इकडे कॉम्प्युटरसमोर बसून ते आकडे भरले. अक्षता टाकायच्या तेवढ्या राहिल्या.

मेलसेवेच्या पानावर काय लिहायचं ते दिलेलंच होतं. लेक फोनवरून वाचत होती, मी टाइप करत होते, वहिनी एकेक अक्षर पडताळून बघत होत्या. एक टिंब चुकलं तर सगळं चुकतं म्हणे. आम्ही पापडाचं मीठ मोजतात तसं ते काम केलं.

राहिलं दुसरं दुखणं, आमचे मेल लोकांच्या केरात का पडतात ते. त्याच पानावर आणखी दोन ओळी लागतात. 'एसपीएफ' सांगते, या नावानं पत्र पाठवायचा अधिकार कुणाकुणाला आहे. 'डीकेआयएम' म्हणजे पाकिटावरच्या लाखेच्या शिक्क्यासारखं, पत्र वाटेत कुणी बदललेलं नाही याची खूण. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबतीत कडक धोरण धरलंय. आमच्या या दोन्ही ओळी मागं राहिल्या होत्या, त्यामुळे आम्ही त्यांच्या दृष्टीनं बिननावाची निनावी पत्रं धाडणारी मंडळी झालो होतो. आम्ही एसपीएफची ओळ लिहिली आणि तरीही ती चालेना. बघतो तर नव्या कंपनीनं स्वतःची एक एसपीएफची ओळ आधीच लिहून ठेवलेली. एका नावाला अशी एकच ओळ चालते, दोन झाल्या की दोन्ही बाद. तिची ओळ पुसली, आमची ठेवली.

चार वाजून गेले होते. घरी सासूबाईंना चहा द्यायची वेळ टळून गेली होती. मी पर्स उचलली आणि तेवढ्यात कॉम्प्युटरवर टिंग झालं. मग पुन्हा टिंग. मग नुसती रांगच लागली. तासाभरात सतरा मेल. बाईंचे दोन, जिल्ह्याच्या कचेरीचा तक्ता (तो मात्र चुकला नाही), एका शाळेचं व्याख्यानाचं आमंत्रण. पत्र नेणाऱ्यानं पत्रं टाकून दिली नव्हती. दार उघडेना म्हटल्यावर तो थोड्या थोड्या वेळानं पुन्हा येऊन बघतो. नियमात चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं म्हटलंय. काही सेवा तीनच दिवसांत हात टेकतात.

त्या रांगेत एक मेल मंगळवारचा होता. नाव नाही, नुसती आद्याक्षरं. 'काल सविस्तर लिहिलं आहे. पुढच्या मंगळवारी हे बाहेरगावी आहेत, मी येऊ शकते. कृपया ऑफिसच्या वेळेतच उत्तर द्यावं, फोन करू नये.' आणि त्याच पत्त्यावरून बुधवारी एक ओळ: 'ठीक आहे. समजले.'

मी पर्स खाली ठेवली.

आमच्याकडे मेलवर लिहिणाऱ्या बायका मोजक्याच. पण ज्या लिहितात त्यांचं कारण ठरलेलं असतं. फोन नवऱ्याच्या हातात जातो, कुणाला लावला ते तपासलं जातं, व्हॉट्सअॅप सासू उघडून वाचते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल लिहायचा, पाठवायचा आणि बंद करायचा, एवढीच त्यांच्याकडे वाट असते. तिनं सोमवारी जे 'सविस्तर' लिहिलं, ते आमच्यापर्यंत आलंच नाही. तिच्या मेलसेवेनं तीन दिवस वाट पाहून गुरुवारी दुपारी ते परत पाठवलं होतं. चार तासांनी हुकलं.

लगेच उत्तर लिहिलं, पण पाठवायला हात होईना. केरात पडलं तर? आधी लेकीला एक पाठवून बघितलं. तिनं पत्राचा मूळ मजकूर उघडून सांगितलं, 'दोन्ही पास, आई.' मग तिला पाठवलं. चारच ओळी: तुमची मंगळवार-बुधवारची पत्रं आज मिळाली, सोमवारचं मिळालं नाही, आमच्या टपालात बिघाड होता, मंगळवारी अकरा वाजता मी स्वतः दारात असेन. विषयाच्या जागी संस्थेचं नाव घातलं नाही, नुसतं 'आपले पत्र' लिहिलं. हे भान आम्ही नेहमीच ठेवतो. शुक्रवारी साडेदहाला तिचं उत्तर आलं, 'येते.'

मंगळवारी ती आली. तिशीची असेल. पाणी दिलं, बसली, आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? 'मला वाटलं, तुम्ही माझं पत्र परत पाठवलंत.'

मी गप्पच झाले. आम्ही चार दिवस बिघाड-बिघाड म्हणत होतो, आणि तिच्या कॉम्प्युटरवर आमच्या नावानिशी तिचं स्वतःचं पत्र परत आलं होतं. वर इंग्रजीत लिहिलं होतं की पोचवता आलं नाही, पण तिनं ते नुसतं 'नाकारलं' असं वाचलं. का वाचू नये? माहेरी आईनं 'सांभाळून घे' म्हटलं होतं, पोलीस ठाण्यात 'घरातलं घरात मिटवा' म्हणाले होते. त्या ओळीत आणखी एक आम्ही.

मी तिला सगळं सांगितलं. मळ्यातलं घर, किराणा दुकान, 'मार्फत'ची ओळ. ती ऐकत होती. मग म्हणाली, 'म्हणजे माझी पत्रं दाराशी उभी होती?'

'होती. दार आमचंच बंद होतं.'

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. सोमवारचं पत्र तिनं ऑफिसातून छापून आणलं होतं. पावणेतीन पानं. मी ते तिच्यासमोरच वाचलं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली काय काय मागता येतं, संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज कसा जातो, राहत्या घरातून कुणी बाहेर काढू शकत नाही ते कसं, हे वकीलबाईंनी तिला समजावलं. तिचा अर्ज आता दाखल झालाय. त्याहून जास्त मी इथं लिहिणार नाही. तिची ओळख पटेल असं काही यात नाही.

आमच्या केंद्रात आता भिंतीवर एक कागद चिकटवलाय. आमच्या नावाच्या पानावरच्या सगळ्या ओळी त्यावर छापलेल्या आहेत. नाव कुठल्या कंपनीकडे नोंदलंय, पैसे कधी भरायचे, वेबसाइट कुणाकडे, मेल कुणाकडे, तेही. ते नाव इतकी वर्षं एका जुन्या कार्यकर्त्याच्या मुलाच्या नावावर होतं, तो दुबईला असतो. ते संस्थेच्या नावावर करून घ्यायला दोन महिने लागले. खात्यांचे कोड आता माझ्या आणि वहिनींच्या मोबाइलवर येतात. वेबसाइटवर ठळक अक्षरात लिहिलंय, की दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहा किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

आणि दर सोमवारी अकराच्या ठोक्याला लेक पुण्याहून तिच्या पत्त्यावरून एक मेल टाकते. त्यात काही नसतं, नुसतं 'आई, जेवलीस का?' मी उत्तर देते, 'अजून नाही.' मग पुढचं काम सुरू करते.